देव नाकारल्यानंतर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



देव नाही असे मानले, तर ज्या कामात यश दृष्टिपथात नाही ते आयुष्यभर कशाच्या बळावर करावयाचे, असा प्रश्न कालच्या चर्चेत निघाला. ईश्वराचे अस्तित्व युक्तिवादाने खोडून काढले की आपले कर्तव्य संपले, असे समजणारे काही बुद्धिवादी आपल्यात आहेत. त्यांना या प्रश्नाची धग कधी लागलेली नसते.

भगतसिंगांना ती लागली होती. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, आपण नास्तिक का आहोत हे त्यांनी लिहून काढले. हा तुमचा अहंकार आहे, या आरोपाला ते उत्तर होते. श्रद्धावंताला पुनर्जन्माची किंवा स्वर्गाची आशा असते. आपल्यापुरता मात्र गळ्याभोवती फास आवळला जाईल तोच अखेरचा क्षण, हे त्यांनी स्वच्छ मांडले आहे. पारितोषिकाची अपेक्षा न ठेवता हा तेवीस वर्षांचा तरुण २३ मार्च १९३१ रोजी वधस्तंभाकडे गेला.

परंतु हौतात्म्य ही अपवादात्मक गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांना फाशी जावयाचे नाही. चाळीस वर्षे सभासद-नोंदणी करावयाची आहे, आणि ते काही वेळा अधिक कठीण असते! म्हणून मला आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, अधिक जवळचे वाटतात. वनस्पतिशास्त्राचा हा प्राध्यापक नास्तिक मतांमुळे नोकरीस मुकला. १९४० साली त्यांनी व सरस्वतीबाईंनी मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढले. १९४७ मध्ये ते विजयवाड्यास नेले. अस्पृश्यतानिवारण हे या केंद्राचे प्रमुख काम. हिंदू, मुसलमान ही लेबले गळून पडली की माणूस केवळ माणूस म्हणून उरतो, हा गोरांच्या नास्तिकतेचा गाभा होता.

१९४४ साली ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, अशा आशयाची कबुली त्या रामभक्ताने त्यांना दिली. (‘ईश्वर हेच सत्य’ हे सूत्र उलटे करून ‘सत्य हाच ईश्वर’ असे गांधीजी त्याआधीपासूनच म्हणू लागले होते, हे ध्यानात घ्यावे.) गोरांच्या कन्येचा दलित तरुणाशी विवाह सेवाग्रामला लावून देण्याचे, आणि विधीत ईश्वराऐवजी सत्याचा उच्चार करण्याचे, त्यांनी मान्य केले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. पण तो विवाह त्याच वर्षी सेवाग्रामातच पार पडला.

श्रद्धा माणसाला गुलाम बनवते, हे गोरांचे मत मला सरसकट मान्य नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजी उपोषणास बसले, ते श्रद्धेनेच. दोघांच्या जीवनाला अर्थ आला तो कामातून व माणसांतून. देवाविषयीचा मतभेद त्या अर्थाच्या आड आला नाही.

तथापि एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या बाईचे मूल गेले तिला देऊळ काय देते? टेकायला एक जागा, भजनातल्या चार बाया, आणि त्याची इच्छा होती हे वाक्य. ते वाक्य आपण काढून घेतो, आणि हातात पुस्तिका देतो! धर्म ही अफू आहे हे मार्क्सचे म्हणणे आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. पण १८४४ सालच्या त्याच लेखात, त्याच परिच्छेदात, पिडलेल्यांच्या निःश्वासाविषयी त्याने जे लिहिले ते क्वचितच कोणी सांगतो. सांत्वन ही माणसाची खरी गरज आहे. ती आकाशातून भागत नसेल, तर शेजाऱ्याने भागवली पाहिजे. आणि कार्यकर्ता हा शेजारी आहे.

दुपारी शाखांचे अहवाल वाचले जातील. किती मोर्चे निघाले, किती वर्गणी जमली, हे त्यांत असेलच. गेल्या वर्षभरात आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या घरी मृत्यू झाला, आणि तेरावा उलटून गर्दी ओसरल्यावर त्यांतल्या किती घरी आपल्यापैकी कोणी गेले, हेही प्रत्येक शाखेने सांगावे, अशी माझी सूचना आहे.