पाठाचे टाचण आणि शिकणारे मूल

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४० किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. आज ते मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वांस माहीत असले, तरी रामानुजाचार्यांचे जन्मस्थान ही त्याची जुनी ओळख होय. परंपरेने त्यांचे जन्मवर्ष १०१७ मानले जाते. मंत्रोपदेशासाठी रामानुज गोष्ठीपूर्णांकडे सतरा वेळा गेले व विन्मुख परतले. अठराव्या खेपेस उपदेश लाभला, तेव्हा त्यांनी तो मंदिराच्या गोपुरावर चढून सर्वांना ऐकविला, अशी आख्यायिका आहे. गुरूंनी शिष्याची तयारी होईतो वाट पाहिली; शिष्याने दार सर्वांना मोकळे केले.

आजची शाळा हे ते गोपुर होय. तेथे येणाऱ्याचा अधिकार कोणी विचारीत नाही. त्यामुळे अठरा खेपांनी जी तयारी व्हावयाची, ती एका तासात करून घेण्याचा भार शिक्षकावर पडतो. पाठाच्या टाचणाचे प्रयोजन हेच आहे.

जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या मते नवे ज्ञान जुन्या ज्ञानाच्या आधारानेच रुजते. त्याने सांगितलेल्या चार पायऱ्यांची त्सिलर व राइन या अनुयायांनी पाच पदे केली: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. आपल्या अध्यापन विद्यालयांतून गिरविली गेलेली ‘पंचपदी’ ती हीच. व्याकरणाचा नियम शिकविताना ती उत्तम चालते. परंतु भाषा म्हणजे नियमांची बेरीज नव्हे. विभक्तीचे प्रत्यय घडाघड म्हणणारे मूल त्या भाषेत दुकानदाराशी एक वाक्य बोलताना अडखळते, हा अनुभव कोणत्या भाषाशिक्षकास नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर दक्षिणेतच शोधले गेले. तेथील शाळांतून इंग्रजी शिकविताना रचना मांडावी, सराव घ्यावा, मग ती वापरावयास लावावी, असा क्रम रूढ होता. त्याविषयी असमाधानी असलेल्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास व अन्य ठिकाणच्या शाळांत निराळा प्रयोग केला. त्यांच्या पाठात त्या दिवशीची रचना ठरलेली नसे. ठरलेले असे ते एखादे काम. आगगाड्यांचे वेळापत्रक घेऊन शिक्षक प्रथम साऱ्या वर्गासह एक प्रश्न सोडवी. मग तशाच दुसऱ्या प्रश्नाशी प्रत्येक मूल स्वतः झुंजे. निम्म्या वर्गाला निम्मे काम साधले, तर ते योग्य पातळीचे, हा त्यांचा ढोबळ निकष. अर्थात मन गुंतले की रचना नकळत अंगवळणी पडते, ही त्यामागील धारणा. बेरेटा व डेव्हिस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात प्रत्येक पद्धतीचे विद्यार्थी आपापल्या धाटणीच्या चाचणीत सरस ठरले. एकंदर कौल मात्र प्रभूंच्या बाजूस झुकला.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाल्यापासून हा विचार आपल्या दाराशी आला आहे. धारावीतील तमिळ घरचे मूल घ्या. त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. ‘तो डबा’ आणि ‘ती पिशवी’ हा भेद त्याला निष्कारण वाटतो. लिंगांचा तक्ता पाठ करविल्याने तो मनात उतरत नाही. पण दुकानाची यादी हाती देऊन कोणता डबा मोठा, कोणती पिशवी स्वस्त, हे ठरवावयास सांगितले, तर हिशेबाच्या ओघात ती रूपे पुनःपुन्हा कानावर येतात, ओठांवर येतात. मग शेवटच्या दहा मिनिटांत तमिळशी तुलना करून नियम मुलांकडूनच काढवून घ्यावा. येथे प्रभूंचे काम आणि हर्बार्टची तुलना एकमेकांस पूरक होतात.

टाचणवहीतील रकाने अधिकाऱ्यासाठी भरले जातात आणि तेथेच पुष्कळदा टाचणाचा अंत होतो. शिक्षक काय सांगणार, याने पाने भरतात. मूल काय करणार, याला एक ओळही मिळत नाही. ती ओळ जो प्रथम लिहील, आणि वर्ग मागे पडल्याचे दिसताच आखलेला पाठ थांबविण्याचे धैर्य दाखवील, त्याच्या वर्गातून कोणतेही मूल विन्मुख परतणार नाही.