भडक्या
(मेळाव्यातील मनोगत)



मघाशी अमरावतीहून आलेल्या मंडळींनी मला 'भडक्या' म्हणून हाक मारली. वर्गातलं ते नाव खोटं नव्हतं, अजूनही पुरतं खोटं ठरलेलं नाही. मागच्याच महिन्यात भाजीत मीठ नाही म्हणून मी मुलावर ताट सरकवलं.

मी दर रविवारी अकोल्यात चर्चला जातो. मित्र विचारतात, "काहून बाप्पा, तुह्या येशूनं राग नाही नेला?" प्रश्न रास्त आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेला नाही. नको तेच हातून घडतं, हे पौलानंही रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल केलंय. आठव्यात मात्र तो सांगतो, ख्रिस्तात असलेल्यांवरचा दोषाचा निकाल उठला आहे.

माझ्यासाठी फरक तिथं पडला. पूर्वी चुकलो की मी दोन-दोन दिवस गुर्मीत असायचो. माफी मागणं म्हणजे हरणं वाटायचं. त्या रात्री तासाभरात उठलो, मुलाजवळ बसून माफी मागितली. ही ताकद माझी नव्हे.

तो म्हणाला, "बाबा, भाजी गरम करून आणू?"