शेअर बाजारातली पेपरफुटी

पेपरफुटी म्हटलं की आपल्याला भरती परीक्षा आठवते. आज बोलू शेअर बाजारातल्या पेपरफुटीबद्दल.

२३ जुलै २०२५. बाजार बंद झाल्यावर केंद्रीय वीज नियामक आयोगाचा आदेश आला : मार्केट कपलिंग. म्हणजे काय, तर आपल्याकडे वीज खरेदी-विक्रीची तीन एक्स्चेंज आहेत आणि प्रत्येक आपापला दर काढतं. आता सगळ्यांच्या बोली एकत्र करून एकच दर काढायचा. यात सर्वात मोठ्या आयईएक्सचं वर्चस्व जाणार, ही भीती. दुसऱ्या दिवशी तिचा शेअर जवळपास ३० टक्के कोसळला.

पण काहींनी आधीच पुट ऑप्शन घेऊन ठेवले होते. भाव पडला की पुट घेणाऱ्याला फायदा. १५ ऑक्टोबरला सेबीने अंतरिम आदेश काढला. आठ जणांना बाजारबंदी आणि १७३.१४ कोटी रुपयांच्या नफ्यावर टाच. माहिती आयोगातल्याच अधिकाऱ्यांकडून फुटली, असं सेबीला सकृद्दर्शनी दिसतंय. हा अंतिम निकाल नाही, हे ध्यानात ठेवा.

कुणी म्हणेल, शेअर पडणारच होता, मग यात लुबाडलं कुणाला? मोंढ्यातलं उदाहरण घ्या. रात्री कांद्याची निर्यातबंदी येणार, हे एका व्यापाऱ्याला दुपारीच कळलं. त्याने सगळा माल चढ्या भावाने तुमच्या गळ्यात मारला. बंदी त्याने आणली नाही, पण त्याचा तोटा तुमच्या खिशातून गेला. ऑप्शनमध्येही असंच आहे. प्रत्येक पुटमागे तो विकणारा कुणीतरी असतो.

आज बीड, अंबाजोगाई, परळीची पोरंही मोबाइलवर ऑप्शन खेळतात. सेबीचाच अभ्यास सांगतो, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. तो सगळा फुटीमुळे झाला असं नाही. पण उत्तरपत्रिका घेऊन बसलेल्यासमोर कितीही चार्ट शिकलात तरी काय उपयोग?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून उपाय लॉगमध्ये शोधतो. गोपनीय माहिती कुणाला, कधी दिली याची वेळेसकट डिजिटल नोंद ठेवणं सेबीने लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं केलंय. ती नोंद मागाहून बदलता येऊ नये, हीही अट आहे. भाव हलवणारी फाइल नियामकाच्या टेबलावर असेल, तर तिथेही तीच शिस्त हवी. फाइल कुणी उघडली, कुणी फोटो काढला, हे शोधायला धाड टाकायची वेळ का यावी?

आणि मित्रांनो, ‘आतली खबर आहे’ असा मेसेज आला तर एवढंच विचारा : खबर खरी असेल, तर ती फुकटात माझ्यापर्यंत का आली?

भेटू पुढच्या भागात.