नाना, इथं उतार आहे का?



मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुलगी पुण्याहून भूमला आली. बरोबर दोन लेकरं आणि गाडीच्या टपावर बांधलेल्या दोन सायकली. नात बारा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. सायकली गिअरच्या, जाड टायरच्या आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेल्या. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवसभर त्या हात लावून पाहिल्या.

संध्याकाळी नातवानं मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. कॅनडातलं व्हिसलर नावाचं ठिकाण. हिवाळ्यात लोक तिथं बर्फावरून घसरायला येतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्याच डोंगरावरून सायकली खाली सोडतात. वर जायला तारेवरचे पाळणे. माणूस पाळण्यात बसतो, सायकलही पाळण्यानंच वर जाते. चढायचं नाहीच, नुसतं उतरायचं! वाटांना रंग ठरवून दिलेले. हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. आई-बाप आपल्या लहान लेकरांना घेऊन हिरव्या वाटेनं खाली येताना दिसत होते.

"नाना, इथं असा उतार आहे का?"

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या गावात कुणी उतार आहे का म्हणून विचारावं, म्हणजे पंढरपुरात विठोबा आहे का म्हणून विचारण्यासारखंच झालं. इकडं कुंथलगिरीचा डोंगर, तिकडं येडेश्वरीची टेकडी, मधे जिकडं पाहावं तिकडं माळ आणि टेकाडं. उतार पुष्कळ. पण मी "बघू" म्हणालो आणि विषय बदलला.

का बदलला, ते सांगतो. १९८१ साली मी बारा वर्षांचा होतो आणि माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. भाड्याची सायकल मिळायची, तासाला पन्नास पैसे. माझे पाय पायडलपर्यंत पुरते पोचत नव्हते, पण भावाला पुढं दांडीवर बसवून मी गावाबाहेरच्या उतारावर सायकल सोडली. ब्रेक सळईचे. मागच्या ब्रेकची रबरं झिजून गेलेली, आणि पुढचा दाबायची मला अक्कल नव्हती. खाली पूल. वेग वाढला तशी मी चप्पल मागच्या टायरवर दाबली. टायर तापला, चप्पल उडाली, आणि पुलाच्या कठड्याआधी आम्ही दोघं खडीत पडलो. मला खरचटलं. भावाचा कोपर मोडला. हाड बसवलं, पण हात आजही पुरता सरळ होत नाही. घरी त्यानं सांगितलं, "मीच हालचाल केली." हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं जवळ बाळगून आहे. त्याच्यावर आजवर कविता केली नाही.

हा भाऊ आता टेम्पो चालवतो. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या ठिकठिकाणी आहेत. पहाटे दूध भट्टीवर पोचवायचं, दुपारी खवा बाजाराला न्यायचा, हा त्याचा धंदा. नातवंडांनी त्याच्याकडंही वशिला लावला असणार. कारण तिसऱ्या दिवशी रात्री तो म्हणाला, "भाई, उद्या सकाळी सहापासून गाडी मोकळी आहे. एक जागा बघून ठेवलीय."

जागा त्यानं कशी बघितली होती, ते ऐकण्यासारखं आहे. उतार फार उभा नको आणि फार लांबही नको. मधे वळण असेल तर पलीकडचं दिसणारं हवं. वाटेवर गाड्या नकोत, गुरं नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली काय आहे? त्यानं निवडलेली गाडीवाट टेकाडावरून येऊन थेट एका नांगरटीत शिरत होती. रान ओळखीच्याचं, विचारून ठेवलेलं. "ब्रेक लागलाच नाही तर ढेकळं लागतील," तो म्हणाला. उन्हाळ्यातल्या नांगरटीत सायकल दहा पावलांत थांबते. १९८१ साली आम्ही वरून खाली बघितलं होतं, पण खाली काय आहे ते बघितलं नव्हतं.

दोन सायकली, दोन लेकरं आणि मी त्या टेम्पोत, दुधाच्या कॅनच्या वासात. व्हिसलरचा पाळणा आम्हाला असा मिळाला.

या खेळाची सुरुवातही काही पाळण्यांनी झालेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तिथल्या काही तरुणांनी भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली गोळा केल्या आणि डोंगरातल्या मातीच्या वाटेवरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटर उतार. एकेकाला काही वेळाच्या अंतरानं सोडायचं आणि घड्याळ लावायचं. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, पायडल उलटं दाबलं की लागायचा. खाली येईपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या वाटेचं नावच 'रिपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरणे. पुढं १९९० मध्ये अमेरिकेतल्याच दुरँगो गावी या उताराच्या शर्यतीची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाली. माउंटन बाइक १९९६ साली ऑलिम्पिकमध्ये आली, पण ती चढ-उताराची. नुसत्या उताराला तिथं अजून जागा नाही.

आपल्याकडं तरी कुठं आहे? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. उतरणाऱ्याला कुणी साधा सरदारही म्हणत नाही. आम्ही कवीही तसलेच. चढावर पुष्कळ लिहिलं, शिखरावर तर विचारूच नका. उतार म्हटलं की उतारवयच आठवतं. वास्तविक ताप उतरला की घर हसतं, पूर उतरला की गाव सुटकेचा श्वास सोडतं, आणि सातबाराचा उतारा हातात पडला की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. असो.

टेकाडावर पोचलो. भावानं आधी दोन्ही सायकलींची चाकं उचलून फिरवली, ब्रेक दाबून पाहिले. मग लेकरांना उभं केलं. आपल्याकडं बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. उतारावर अंगाचा भार पुढं येतो, त्यामुळं पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण तोच एकदम करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढं जातो. मुरमावर पुढचं चाक अडकलं तर सरळ घसरतं. म्हणून दोन्ही ब्रेक, दोन-दोन बोटांनी, थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. बूड सीटवरून उचलून मागं न्यायचं. दोन्ही पायडलं एका पातळीत ठेवायची, नाहीतर खालचा पाय दगडाला लागतो. आणि दगडाकडं बघायचं नाही, दगडाशेजारच्या वाटेकडं बघायचं. नजर जाते तिकडं चाक जातं.

"आणि वेग आधीच आवरायचा," तो म्हणाला. "ट्रक घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरवतात. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे मी दरीत बघितलेत." नातीला गणिताची आवड, म्हणून मी भर घातली की वेग दुप्पट झाला तर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. ती मान हलवून म्हणाली, "म्हणजे शेवटी नाही, सुरुवातीलाच ब्रेक." माझ्यापेक्षा तिनं ते नीट सांगितलं.

हेल्मेटचे पट्टे हनुवटीखाली आवळले. नात पहिली गेली. अर्ध्या वाटेवर तिचं मागचं चाक घसरलं, ती आडवी झाली, उठली, गुडघा झटकला आणि पुन्हा बसून ढेकळांपर्यंत गेली. खालून तिनं हात हलवला.

आता नातू. मी त्याच्या सायकलचं सीट मागून धरलेलं होतं. "नाना, सोडा," तो म्हणाला. मी हो म्हणालो आणि सोडलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मी वाटेवरचे दगड मोजत होतो. हेल्मेट होतं, ब्रेक तपासलेले होते, खाली नांगरट होती. जे जे तेव्हा नव्हतं ते सगळं आज होतं, आणि तरी माझी मूठ उघडत नव्हती.

भाऊ जवळ आला. त्यानं आपला तो वाकडा हात माझ्या मनगटावर ठेवला. "भाई, सोडा की. मी तेव्हाही भ्यालो नव्हतो. उतार छान होता तो, पूल येईपर्यंत."

पंचेचाळीस वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदा बोलला, आणि हे बोलला! मी सोडलं.

लेकरू दोन बोटांनी ब्रेक दाबत, बूड मागं टाकून, कासवासारखं खाली गेलं. मधल्या वळणावर एक पाय टेकवून थांबलं, पुन्हा निघालं. बहिणीपेक्षा दुप्पट वेळ लागला असेल. नांगरटीत सायकल रुतली तेव्हा ते इतक्या मोठ्यानं ओरडलं की बाभळीवरचे साळुंके उडाले. भाऊ टेम्पोकडं वळला होता. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

ऊन तापायच्या आत टेम्पोच्या चार फेऱ्या झाल्या. नातीचा गुडघा नानीपासून लपवायचा असं ठरलं होतं. पण फाटलेली सलवार दोरीवर वाळत घातल्यावर कसलं लपतंय! तिच्या आईनं मला काय काय ऐकवलं ते आकाशवाणीवरून सांगता येत नाही. रात्री मात्र तीच हळूच म्हणाली, "अब्बा, मला कधी नाही नेलंत उतारावर." यावर मला उत्तर सुचलं नाही. मुलाला नेलं होतं का, तर त्यालाही नाही. मी कुणालाच नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दुधावर गेला होता. मला वाटलं, आज सुट्टी. पहाटे पाचला अंगणात चेनचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर दोघं हेल्मेट घालून तयार. "गाडी नाही," मी म्हणालो. "ढकलत नेऊ," नातू म्हणाला. मी पाण्याची बाटली घेतली, चप्पल सोडून बूट घातले आणि त्यांच्या मागं निघालो. माझ्या मागून माझी मुलगीही निघाली.