जुन्या सायकलला रुंद टायर



पत्रिकेवर विषय 'जुन्या सायकलची निगा' असा आहे. चेन, ब्रेक, तेलपाणी तुम्ही जाणताच; डनलॉपनं १८८८ साली हवेचं टायर केलं, तेही शाळेत झालंय. मी थेट टायरच्या रुंदीवर येतो.

पुण्यातला रोजचा रस्ता घ्या. थोडं डांबर, मग पेव्हर ब्लॉक, खोदून बुजवलेला चर, कालव्याकडेनं गेलात तर मुरूम. टणक हवा भरलेलं अरुंद टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांना उचलतं. ती ताकद तुमच्या पायांतूनच जाते. रुंद टायर कमी हवेवर खडा पोटात घेतं आणि तुम्ही पुढे सरकता.

मागून कुणी म्हणालं, "जड जातं हो!" जड जातं ते जाड रबराचं टायर. त्याचा दोष रुंदीवर घालू नका. मी कुठल्या टायरवाल्याचा माणूस नाही, पण हे मी पोटतिडकीनं सांगतोय.

आता माप. बऱ्याच जुन्या हलक्या सायकलींच्या टायरवर २६ × १⅜ असतं. दुकानात "सव्वीसचं रुंद द्या" म्हणालात की माउंटन बाइकचं २६ × १.९५ हाती येतं, आणि ते काही केल्या रिमवर चढत नाही. आपल्या रिमची बैठक, म्हणजे टायरची कड जिथं बसते तिथला व्यास, ५९० मिलिमीटर, त्याची ५५९. इंच विसरा. टायरच्या कडेला बारीक ठशात ३७-५९० असं असतं: आधी रुंदी, मग बैठक. बैठक जुळलीच पाहिजे.

५९० मध्ये याहून रुंद मिळणं अवघड. पण हल्लीच्या साडेसत्तावीसच्या टायरची बैठक आहे ५८४! नावानं दीड इंच मोठं, रिमला सहा मिलिमीटर लहान. (हशा) हसा, पण आपली सोय यातच आहे. फ्रान्समध्ये या मापाला ६५०बी म्हणतात. तिथले भटके सायकलस्वार त्यावर डोंगरातले कच्चे घाट चढत. त्या भटकंतीचे आद्य पुरस्कर्ते सेंट एतियनचे पॉल द विवी. 'वेलोसिओ' नावानं लिहायचे, १८८७ मध्ये सायकलीचं नियतकालिक काढलं, गिअर बदलता यावा म्हणून आयुष्यभर झगडले, आणि शर्यतवाल्यांना...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. वेलोसिओ राहू द्या.

तर ५८४ ची रिम भरून घ्या. ब्रेकचं रबर तीन मिलिमीटर आत सरकवावं लागेल. खाचेत बहुधा तेवढी जागा असते. मागच्या हबला ४० भोकं असतील तर ३६ भोकांची रिम चालणार नाही, आधी मोजा. चिमट्यात टायरच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे हवेत, नाहीतर खडा अडकून चाक जाम होतं. म्हणून १.९५ नको, ४० ते ४४ मिलिमीटरचं गुळगुळीत टायर मागवा.

घंटा ऐकली. फक्त हवेचं सांगतो. सत्तर किलोच्या माणसानं पुढे चाळीस, मागे पंचेचाळीस पौंडांपासून सुरुवात करावी. दुकानात साठ भरू लागले तर तिथंच थांबवा.