जाब अधिष्ठात्यांना, चाव्या मंत्रालयात

जून 2020 मध्ये जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून एक वृद्ध कोरोनाबाधित महिला बेपत्ता झाली. आठ दिवसांनी, 10 तारखेला, त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. राज्य हादरले. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ही कारवाई व्हायलाच हवी होती. पण आठ दिवस ते दार कोणी उघडून पाहिले नाही, तर त्या दाराची रोजची जबाबदारी नेमकी कोणावर होती? निलंबनाच्या आदेशात याचे उत्तर मिळत नाही.

उत्तर रोजच्या कागदांत असते. पाळी बदलताना परिचारिकेने खाटेवरचे रुग्ण मोजून पुढच्या पाळीच्या ताब्यात द्यायचे असतात. सफाईचे बिल हजेरीपटावर निघते. त्या बिलाला वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा शेरा जोडणे सक्तीचे केले, तर स्वच्छतागृह धुतल्याशिवाय पैसा सुटणार नाही. जबाबदारी आणि अंदाजपत्रक यांची गाठ इथे बसते.

ही गाठ वरच्या पातळीवर मात्र सुटलेली आहे. जळगावला 2018 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सिव्हिल त्याला जोडले गेले. ते आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अनुदानावर चालतात. उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. प्राथमिक केंद्रातून चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून जळगावला पाठवलेला रुग्ण एकच, पण त्याच्यामागे तिजोऱ्या तीन.

तिजोरीतही कप्पे आहेत. खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे उद्दिष्ट शीर्ष असते: वेतनाचे 01, सामग्री व पुरवठ्याचे 21, यंत्रसामग्रीचे 52. पदे रिक्त राहिल्याने वेतनाचे पैसे वाचले, तरी अधिष्ठाता त्यातून सलाईन घेऊ शकत नाहीत. आठमाही सुधारित अंदाज पाठवायचे, पुरवणी मागण्यांची वाट पाहायची आणि रक्कम उशिरा आली की मार्चअखेर ती खर्ची घालायची धांदल. अशा घाईत यंत्र येते, पण ते चालवणारा तंत्रज्ञ आणि देखभालीचा करार मागे राहतो.

औषधखरेदीच्या चाव्याही वरच. 2017 मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. कॅमेऱ्यासमोरच्या अशा अपमानाने एकही रिक्त पद भरले जात नाही, की औषधांचा साठा वाढत नाही.

अधिष्ठात्यांना जाब विचारायचा असेल, तर आधी त्यांना अधिकार द्यावे लागतील. ठरावीक मर्यादेपर्यंत एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याची मुभा, वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच हाती येणारे अनुदान आणि सफाई, सुरक्षा, देखभाल यांच्या कंत्राटांवर रुग्णालयाचाच अंतिम शब्द. त्यानंतर चूक झाली तर कोणतीही सबब ऐकून घेऊ नये.

अधिकारांबरोबर हिशेबही उघडा हवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे मंजूर अंदाजपत्रक आणि झालेला खर्च यांची माहिती कोणी न मागताही जाहीर करणे प्रत्येक शासकीय कार्यालयावर बंधनकारक आहे. केसपेपर काढायच्या खिडकीशेजारी दरमहा एक फलक लागावा: कोणत्या शीर्षात किती आले, किती खर्च झाले, कोणती औषधे संपली, मागणी कधी नोंदवली. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत जळगाव आणि धुळ्याच्या आमदारांनी पालकमंत्र्यांकडे आधी हा फलक मागावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आहे त्याची अंमलबजावणी पुरेशी आहे.