'प्रवृत्त केले' म्हणजे काय केले?
(यवतमाळ येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं जुनं कलम 306. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 108. कोर्टात बहुतेकदा सगळं अडतं ते 'चिथावणी' या शब्दावर. रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगड या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगताना पहिलंच इंग्रजी क्रियापद वापरलं ते 'गोड'. कानाला गोड, पण अर्थ तुतारी टोचणं! आपल्याकडची बैलाची, आर लावलेली काठी. पोळ्याचा दिवस सोडला तर बैलाच्या पाठीशी रोज असते ती.

त्या खटल्यात नवरा भांडणात म्हणाला होता, तू मोकळी आहेस, कुठंही जा. तिनं पेटवून घेतलं. रागात निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, म्हणून तो 306 मधून सुटला. 498-अ खाली दोषी राहिला. मला हे अजून खुपतं. पण सततच्या वागण्यानं तिच्यापुढं दुसरा मार्गच उरला नसेल तर चिथावणी मानता येते, असंही त्याच निकालात आहे.

आणि आपल्या फिर्यादीत काय असतं? 'शारीरिक व मानसिक छळ करून प्रवृत्त केले.' संपलं. तुतारी किती वेळा टोचली ते कुठं आहे? पैसे कधी मागितले, जेवण किती दिवस बंद केलं, कोणत्या बाजाराच्या दिवशी ती शेजारणीपाशी रडली? लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर क्रूरतेवरून न्यायालय प्रवृत्त केल्याचं गृहीत धरू शकतं. ही 1983 ची तरतूद नव्या साक्ष कायद्यातही आहे. पण आधी क्रूरता सिद्ध व्हावी लागते. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय मुलीच्या आईला अंगठा लावू देऊ नका.